मॉलिब्डेनमची सोबतीण

मित्रांनो, कारखान्याच्या दाराला अडसर म्हणून टेकवलेली ही वाकडी नळी मीच. साध्या कार्बन पोलादाची. लोखंड आणि त्यात चिमूटभर कार्बन. गंजले, जुनी झाले, तरी जिवाला स्वस्थता म्हणून नाही.

स्मोलांड नावाच्या थंड मुलखात, जंगलातल्या या काच कारखान्यात विजेची भट्टी आहे. तिच्या भिंतीत मला बसवलं होतं. माझ्या पोटातून मॉलिब्डेनम या धातूची एक कांडी आत गेली होती आणि तिच्यातून वीज काचेत जायची; त्या विजेनंच काच वितळायची. मी जिथं मेणासारखी मऊ पडेन, त्या आगीत ती ताठ राहायची. तापली तरी माझ्या निम्मीही फुगायची नाही. सगळे तिचंच कौतुक करायचे. मी पडले स्वस्तातली.

पण तिचीही दुखणी होती. गार असली की ती ठिसूळ. ठोका बसला तर मी वाकते, ती मोडते. आणि तापलेली असताना हवा लागली, की पांढरा धूर होऊन झिजायची. काचेत बुडालेल्या भागाला भीती नव्हती. भिंतीतून बाहेर येणाऱ्या मानेला होती, आणि ती मान मी सांभाळायची. माझ्या दुहेरी अंगाच्या मधल्या पोकळीतून सतत पाणी फिरायचं, म्हणून ती गार राहायची.

एका हिवाळ्यात भट्टीच्या धगीवर हेरिंग मासे भाजून सगळं गाव जेवणार होतं. अंगणातला नळ गोठलेला. भट्टी सांभाळणाऱ्या अल्गोटची भावजय गुनेल बटाट्यांची पाटी घेऊन आली.

"भावजी, एवढं पाणी नुसतं गोल गोल फिरतंय. जरा माझे बटाटे धुवायला द्या की!"

"घे बाई. नाहीतर जन्मभर ऐकवशील."

अल्गोटनं मला पाणी आणणारी रबरी नळी काढून तिच्या पाटीत सोडली आणि मासे चाखायला गेला. मी तापू लागले. मित्रांनो, ओरडायला मला तोंड असतं तर! अंग लाल झालं, मऊ पडलं. मी सैल झाले असते तर काच बाहेर वाहिली असती, भट्टी विझली असती, आणि उरलेली काच आतच थिजून गावाचं काम बंद पडलं असतं. तेवढ्यात कांडीच्या मानेतून पांढरा धूर निघाला.

"भावजी, मासे करपले वाटतं!"

"मासे तिकडं आहेत, गुनेल. अगं, हा तर... पाणी आण! पाणी!"

त्यानं रबरी नळी परत मला जोडून पाणी थेंबाथेंबानं सोडलं. एकदम सोडलं असतं तर वाफेनं मी फाटले असते. कांडी मानेशी बारीक झाली होती. जाड भाग मानेशी यावा म्हणून तिला आत सरकवायचं, तर मी वाकून तिला आवळून बसलेले. त्यानं हातोडा उचलला.

"हातोडा कशाला?" गुनेलनं त्याचा हात धरला. "बाहेरचं टोक गार आहे ना? गेल्या वर्षी असंच मोडलं होतंत!"

अल्गोट ओशाळला. मग दोघांनी कांडीमागचा ढकलायचा स्क्रू फिरवत, घाम पुसत, तिला तसूतसूनं आत ढकललं. भट्टी वाचली. मासे मात्र खरंच करपले, आणि लोकांनी ते हसत खाल्ले.

पुढच्या दुरुस्तीत मला काढून नवी नळी बसवली. इथून भट्टी दिसत नाही. मित्रांनो, कौतुक चमकणाऱ्याचं करा, पण त्याला गार ठेवणाऱ्याचं पाणी काढून घेऊ नका. आत जाल तेव्हा नव्या नळीत फिरून पाणी बाहेर येतंय का, लांबूनच बघा. येत असेल, तर जाताना मला सांगून जा.