आपोआप समोर आलं

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मास्तरांचा उजवा हात वर्षभरापासून थरथरत होता. डॉक्टर आणि बायको सोडली तर कुणाला कानोकान खबर नव्हती. दुकानात ते कोपर टेबलावर रोवून बसायचे आणि चिमट्यात स्क्रू धरला की श्वास रोखायचे.

मग फोनवरच्या एका ॲपवर त्यांना कंपवाताच्या रुग्णांचा एक ग्रुप सापडला. सगळी अनोळखी माणसं, मन मोकळं करायला काय हरकत, म्हणून त्यांनी लिहिलं, "बारीक काम करणाऱ्यांनी काय करावं? काल माझ्या हातून घड्याळाचा काटा मोडला."

चौथ्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांच्या वडिलांचं घड्याळ दुरुस्तीला होतं.

"मास्तर, आहे तसंच परत द्या."

"का हो? परवा देतोच की चालू करून."

बाई चुळबुळल्या. "तुम्ही लिहिलेलं वाचलं मी. शोधायला गेले नव्हते हो, आपोआप समोर आलं. 'तुमच्या ओळखीचे' म्हणून."

मास्तरांनी घड्याळ दिलं. त्याच संध्याकाळी खातं बंद केलं.

"बैल गेला नि झोपा केला," बायको म्हणाली.

ते खरंच होतं. बाई कुठे बोलल्या की आणखी कुणाच्या समोर आपोआप आलं, देव जाणे. महिन्याभरात निम्मी गिऱ्हाइकं तुटली. जाताना 'काळजी घ्या' म्हणायला मात्र एकही विसरलं नाही.

परदेशातली मुलगी नातीचे फोटो त्याच ॲपवर टाकायची. मास्तरांनी तिला फोन केला. "आम्हाला वेगळे पाठवत जा ना."

"बाबा, एकेकाला कुठे पाठवत बसू? सगळे तिथेच बघतात. आणि हल्ली कुणाचं काय लपून राहतं? उगाच मनाला लावून घेता तुम्ही."

दोन आठवड्यांनी शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या. "नात चालायला लागली की तुमची! गोड पडते हो धपकन!"

मास्तर 'हो ना' म्हणाले. घरात येऊन चप्पल न काढताच खुर्चीत बसले आणि खातं पुन्हा उघडलं. अटींची लांबलचक यादी आली. ती न वाचताच त्यांनी 'मान्य' दाबलं.

बायको खांद्यावरून वाकली. नात चार पावलं चालली, पडली, हसली. दोघांनी ते सहा वेळा पाहिलं. मास्तरांनी खाली लिहिलं, "शाब्बास!"

मुलीचं उत्तर लगेच आलं, "आलात ना शेवटी!" पुढे एक हसरा चेहरा.

"काय म्हणते?" बायकोने विचारलं.

"काही नाही," मास्तर म्हणाले आणि सातव्यांदा व्हिडिओ लावला.