रुमालाखालचा भाव

वसराम घागर घेऊन हापशावर आला, तशा रांगेतल्या सगळ्या बाया एकदम हसल्या. पार्वतीकाकूंनी आदल्याच दिवशी दाढ काढून घेतली होती. गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता. त्यांनीही दोन्ही हातांनी गाल धरून ओठ फाकवले.

वसराम रिकामी घागर घेऊन घरी परतला.

"लोक मला हसून राहिले," तो बायकोला म्हणाला.

"चांगल्या मनानं हसतेत," मिराबाई म्हणाली.

"चांगल्या मनानं? पार्वतीकाकूला तोंड उघडवंना, तरी हसली. केवढी हौस!"

ते हसू तांड्याच्या नायकाच्या हुकमाचं होतं. वसराम वर्षात दोनदा स्वतःच्या जिवावर उठला होता आणि दोन्ही वेळा दवाखान्यातून परत आला होता. डॉक्टर म्हणाले होते, असा माणूस पुन्हा त्या वाटेला जाऊ शकतो. त्याला एकटं सोडू नका, त्याच्याशी बोला, काय वाटतं ते सरळ विचारा. बाबूसिंग नायकानं तांडा जमवला आणि एवढं सगळं एका वाक्यात बसवलं, "वसराम दिसला का तोंड पाडायचं न्हाई. हसायचं."

वसरामचं पहिल्यापासून असंच. कुणी गप्प बसला तर तो रागावलाय, कुणी हसला तर आपल्यालाच हसतोय. आता तर अख्खा तांडा हसत होता. त्यानं घराबाहेर पडणं सोडलं, मग जेवणही. मिराबाई घाबरून मोहनसिंगकाकांकडे गेली.

मोहनसिंगकाका कळमनुरीच्या बाजारात बैलांची दलाली करत, रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवत. होळीला बायको वारल्यापासून शेवटच्या घरात एकटेच राहत. तांड्यात सगळ्यात मोठा आवाज त्यांचा, सगळ्यात मोठं हसूही. त्यामुळे त्यांची काळजी कुणाला नव्हती.

ते आले आणि वसरामच्या शेजारी, दावणीकडे तोंड करून बसले. खांद्यावरचा रुमाल हातावर टाकला.

"माझ्या तोंडाकडं बघू नको. बाजारात तोंडावर कोन इस्वास ठेवतं? रुमालाखाली हात दे. दिवस बरा असंल तर एक बोट. पुन्हा तसलंच मनात येऊन राहिलं असंल तर पाची. पाची आले तर म्या इथून उठनार न्हाई."

दावणीतल्या बैलानं दोनदा शेपूट हलवलं. मग काकांच्या हातात पाचही बोटं आली.

काका उठले नाहीत. बाजार बुडाला. सकाळी पहिल्या एसटीनं दोघं दवाखान्यात जाऊन आले.

तेव्हापासून रोज सांजेला वसरामच्या दारातल्या लिंबाखाली रुमाल पडू लागला. तांड्याला वाटलं, काका वसरामचा बैल घेऊन राहिले.

"काका, त्यो बैल मारका हाय," प्रेमदास कानाशी येऊन सांगे. "माझा बघा की."

"एवढे दिवस सौदा?" नायक म्हणाला. "बैल हाय का हत्ती?"

बैलाच्या नादात लोक हसायचं विसरून गेले. "बरं झालं," वसराम मिराबाईला म्हणाला, "सुधरले लोक." आणि एक भाकरी जास्त खाल्ली.

बोटं कधी कमी होत, कधी वाढत. पोळा जवळ आला तेव्हा एका सांजेला वसरामनं एकच बोट दिलं.

"वा रे पठ्ठ्या!" काका एवढ्यानं हसले की लिंबावरचे कावळे उडाले.

पण रुमालाखालचा हात काही सुटेना. काकांनी ते एक बोट, गर्दीत लेकरानं धरावं तसं धरून ठेवलं होतं. वसरामनं काकांच्या तोंडाकडे पाहिलं. ते हसतच होतं. त्यानं नजर वळवून दावणीकडे लावली.

"काका, तुमचा भाव?"

"माझा? माझा कशाला रे, येड्या!"

काका अजून हसत होते. रुमालाखाली त्यांचं एक बोट आलं. थांबलं. मग दुसरं आलं, आणि मग बाकीची सगळी एकदमच.

"झाला का न्हाई सौदा?" पलीकडून प्रेमदास ओरडला.

"न्हाई झाला," वसराम म्हणाला. "बसावं लागंल आज."

आणि रुमाल तसाच राहू देत त्यानं घराकडे हाक मारली, "मिरा, काकाचं बाजलं आपल्या अंगनात टाक. अन् सकाळची पहिली एसटी चुकू देऊ नको."