तोंडी परीक्षेचा पडदा

"मामा, अजून जरा खाली घ्या. पाय दिसताहेत."

शिपाईमामा दातांत सुतळी धरून स्टुलावर उभे होते. वॉर्डातून आणलेला हिरवा पडदा त्यांनी आणखी वीतभर खाली सोडला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पायांवरून कोण ओळखतंय मॅडम?"

"चपलांवरून ओळखतात. घ्या खाली."

मी पडद्याच्या अलीकडे बसून पाहिलं, पलीकडे बसून पाहिलं. उन्हामुळे सावली पडत होती, म्हणून खिडकी लावून घेतली. मग मामांना पलीकडच्या खुर्चीवर बसवलं आणि काहीतरी बोला म्हटलं. ते म्हणाले, "मी काही चोरलेलं नाही, साहेब." मला हसू आलं, पण मी ते दाबलं. मामांसमोर हसलं की दुपारपर्यंत ते स्टाफरूममध्ये पोचतं.

मी संशयी बाई आहे. लोक माझ्या पाठीमागे तसं म्हणतात आणि मला ते खोटं वाटत नाही. या नर्सिंग स्कूलच्या प्राचार्यपदाच्या खुर्चीवर बसलेली आमच्या समाजातली मी पहिली. मी रुजू झाले त्या दिवशी उपप्राचार्य बाईंनी माझ्यासाठी नवा कप आणला, सोनेरी काठाचा, झाकणाचा. "खास तुमच्यासाठी हं मॅडम." बाकी सगळे ट्रेमधल्या कुठल्याही कपातून चहा पितात. माझा कप वेगळा विसळला जातो आणि वेगळ्या फडताळात ठेवला जातो. हा मान आहे की आणखी काही, हे अकरा महिने झाले तरी मला कळलेलं नाही. विचारायची सोय नाही. विचारलं तर म्हणतील, बघा, यांना सगळीकडे जातच दिसते.

वीस वर्षांपूर्वी याच खोलीत माझी तोंडी परीक्षा झाली होती. लेखीत मी वर्गात दुसरी होते. परीक्षकांनी आडनाव विचारलं, वस्ती विचारली, वडील काय करतात ते विचारलं. मग एकच प्रश्न विचारला आणि उत्तर अर्ध्यावर असतानाच "पुढची" म्हणून हाक मारली. पन्नासपैकी सव्वीस मिळाले. पास व्हायला पंचवीस लागतात. त्या वरच्या एका गुणाबद्दल मी घरी जाऊन रडले होते आणि मी पास झाले म्हणून आनंदानं रडतेय असं आईला वाटलं होतं.

प्राचार्य झाल्यावर पहिलं काम केलं ते जुनी रजिस्टरं काढायचं. पंधरा वर्षांचे निकाल घेऊन बसले. आमच्या वस्त्यांमधून आलेल्या मुली लेखीत पुढे आणि तोंडीत काठावर, एखाददुसरीचा अपवाद सोडला तर दरवर्षी तेच. मग मी नियम केला. मुलींनी डब्यातून चिठ्ठी काढायची, चिठ्ठीवर फक्त नंबर. नावांची यादी सीलबंद पाकिटात क्लार्ककडे. मुलगी पडद्याआड बसणार, नंबर सांगणार, उत्तरं देणार. दोन परीक्षक, दोघांनी वेगवेगळे गुण द्यायचे, दोघांकडेही पास व्हायला हवं, सही झाल्यावर आकडा बदलायचा नाही, आणि मगच पाकीट फोडायचं.

स्टाफरूममध्ये खूप थट्टा झाली. "परीक्षा घ्यायचीय की रेडिओ ऐकायचाय?" असं कुणीतरी म्हणालं. उपप्राचार्य बाई मात्र गोड आवाजात म्हणाल्या, "आमच्यावर एवढाही विश्वास नाही का मॅडम?" संस्थेच्या अध्यक्षांनी परवानगी दिली, पण अट घातली. एक जरी तक्रार आली तरी पडदा काढायचा आणि पुन्हा जुनी पद्धत. त्यांची सख्खी पुतणी या बॅचला होती. म्हणजे कुणाची तक्रार येऊ शकते, हे मी तेव्हाच ओळखून होते.

आमच्या वस्तीतलीही एक मुलगी या बॅचला होती. तिच्या आईच्या दारात तीनदा जाऊन मीच तिला इथं आणलं होतं. पण एकदा इथं आली आणि मी तिच्यापासून चार हात लांब राहिले. आपली म्हणून ओढते, असं कुणी म्हणायला नको. तेव्हापासून तिनं माझ्याशी "हो मॅडम" आणि "नाही मॅडम" यापलीकडे शब्द काढलेला नव्हता, तोही खाली मान घालून. तोंडीत नापास झाली तर वर्ष जाणार, वसतिगृहाची जागा जाणार आणि घरचे तिला पुन्हा पाठवणार नाहीत, हे मला पाठ होतं. तिची मला रात्रंदिवस काळजी होती आणि तिचा आवाज मला माहीत नव्हता.

बाहेरून आलेले परीक्षक सर निवृत्त शिक्षक होते, शांत, कमी बोलणारे. बरोबर दहाला आम्ही सुरुवात केली.

नऊ नंबरची मुलगी बसली आणि तिचा आवाज कापायला लागला. शब्द फुटेना. ही आपली पोर, मी मनाशी म्हटलं. "घाबरू नकोस, सावकाश सांग," मी म्हणाले. सोपे प्रश्न विचारले, एक उत्तर तर जवळजवळ मीच दिलं. सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी एक्केचाळीस गुण लिहिले.

मग चौदा नंबर आली.

"नंबर चौदा. विचारा सर, विचारा मॅडम."

आवाज खणखणीत होता. खोली भरून टाकणारा. सरांनी रक्त चढवताना घ्यायच्या काळजीबद्दल विचारलं आणि ती थांबली नाही, अडखळली नाही. "आधी रोग्याचं नाव रोग्यालाच विचारायचं, कागदाला नाही. कागद सगळ्याला हो म्हणतो."

माझ्या मनात पाल चुकचुकली. हे वाक्य माझं होतं. मी ते या मुलींना कधीच शिकवलं नव्हतं, कारण प्राचार्य झाल्यापासून मी या वर्गावर तासच घेतलेला नाही. ते एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं, माझ्या टेबलाच्या खणात, प्रश्नांच्या कार्डांमागच्या नमुना उत्तरांत. खणाची दुसरी किल्ली उपप्राचार्य बाईंकडे असते. अध्यक्षांची पुतणी, तिचा तो घरून आलेला आत्मविश्वास, बाईंचा गोड स्वभाव आणि दुसरी किल्ली. सगळं एका क्षणात जुळलं. मला राग आला आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला, कारण अखेर काहीतरी हाताला लागलं होतं.

मी कार्डं बाजूला ठेवली आणि अभ्यासक्रमाबाहेरचं विचारायला लागले. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिनं दिलं. दुसऱ्याचं निम्मं दिलं. तिसऱ्याला म्हणाली, "हे मला येत नाही मॅडम, पण बघून सांगेन."

"रोगी थांबेल का तुम्ही बघून येईपर्यंत?"

मग ती म्हणाली, "नाही मॅडम."

"जा."

सरांनी त्रेचाळीस लिहिले. मी अठरा लिहिले आणि खाली ठसठशीत सही केली.

तीन वाजता बावीसच्या बावीस मुली झाल्या. क्लार्कनं पाकीट आणलं, उपप्राचार्य बाईही येऊन बसल्या. क्लार्क नंबर वाचत होता, नावं वाचत होता, मी खूण करत होते. नऊ नंबरला त्यानं अध्यक्षांच्या पुतणीचं नाव वाचलं.

"पुन्हा वाचा," मी म्हणाले.

त्यानं पुन्हा वाचलं. उपप्राचार्य बाई हसून म्हणाल्या, "बिचारी फार भित्री आहे हो. घरात काकांसमोर सुद्धा बोलत नाही. सांभाळून घेतलंत, बरं केलंत." मी चौदाची वाट पाहत बसले, आणि चौदाला आमच्या वस्तीतल्या पोरीचं नाव आलं तेव्हा मला ते ऐकायची गरजच उरली नव्हती.

मी उठून माझ्या खोलीत गेले आणि तिला बोलावलं. ती दारात उभी राहिली, नेहमीसारखी, मान खाली.

"रोग्याचं नाव रोग्यालाच विचारायचं. हे कुठून आलं?"

तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं पिशवीतून एक वही काढली. वर्तमानपत्राचं कव्हर, कोपरे फाटलेले. उघडली तर माझं अक्षर, वीस वर्षांपूर्वीचं, गोल गोल. वाक्य तिथंच होतं. मी ते तेव्हाच लिहून ठेवलं होतं, आणि स्वतः विसरून नमुना उत्तरात पुन्हा लिहिलं होतं.

"आजींनी दिली मॅडम. तुमच्या आईनी. ट्रंकेत होत्या सगळ्या वह्या."

"आणि असं बोलायला कुणी शिकवलं?"

"आजींनीच." ती म्हणाली. "पडद्याचं कळल्यावर सुट्टीत त्या रोज मला बसवायच्या. दोरीवर चादर टाकायची, मी अलीकडे, त्या पलीकडे. त्यांना वाचता येत नाही ना, म्हणून प्रश्न पण मीच विचारायचा आणि उत्तर पण मीच द्यायचं. त्यांना कमी ऐकू येतं. हळू बोललं की चादरीतून काठी मारायच्या. म्हणायच्या, मला ऐकू आलं तरच खरं."

"मला का नाही सांगितलं तिनं?"

"त्या म्हणाल्या, तिला सांगू नकोस. तिला त्यातही काहीतरी दिसेल."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. त्या मुलीला मी काय सांगणार होते? की मोठ्यानं आणि न घाबरता बोलणारी मुलगी आपली असूच शकत नाही, असं मला वाटलं? माझ्या परीक्षकांनी निदान माझं आडनाव विचारून माझे गुण कापले होते. मी न विचारताच कापले होते. मला माझी इतकी लाज वाटली की तिला "जा" एवढंही धड म्हणता आलं नाही.

परत आले तेव्हा परीक्षक सर खिडकीशी उभे होते. उपप्राचार्य बाईंनी गुणपत्रक माझ्यापुढे सरकवलं. चौदासमोरचे अठरा त्यांनी पाहिलेले होते.

"मॅडम," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सील अजून लावलेलं नाही. आकडा बदला. मी पाहिलं नाही असं समजा."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. ही खरी दया होती की गळ? उद्या याच बाई अध्यक्षांना सांगतील की पडदा लावणारीनं नाव कळल्यावर आपल्या जातीच्या मुलीचे गुण वाढवले? त्यांच्या डोळ्यांत मला काहीच वाचता आलं नाही. आणि समजा ती दया असली, तरी नाव बघून गुण बदलायचे, तर मग मी वर्षभर कुणाशी भांडत होते?

मी कोरा कागद ओढला आणि लिहिलं. अंतर्गत परीक्षकाने, म्हणजे मी, आवाजावरून मुलींची जात ठरवली आणि त्याप्रमाणे प्रश्न विचारले. नऊ नंबरला झुकतं माप दिलं, चौदा नंबरवर अन्याय केला. मी सर्व बावीस मुलींना दिलेले गुण रद्द करावेत. परीक्षा पुन्हा घ्यावी, पडद्यासह, दुसऱ्या परीक्षकाकडून. खाली नाव, हुद्दा, सही.

उपप्राचार्य बाईंनी कागद दोनदा वाचला. "हा वर गेला तर पडदा जाईल. पुतणीचे एक्केचाळीस गेले म्हणून अध्यक्ष भडकतील. तुमची खुर्चीसुद्धा..."

"जाऊ शकते."

"मग कशाला लिहिता?"

"ही तक्रार आहे. अटीत तक्रार कुणाची असावी ते लिहिलेलं नाही."

सर खिडकीतून वळले. "मी उद्या थांबतो," ते म्हणाले. "दुसरं कोण बसणार?"

नियमाप्रमाणे एकच माणूस उरत होतं. मी माझ्या खणातून प्रश्नांची उरलेली कार्डं आणली, माझ्या हातानं उपप्राचार्य बाईंसमोर ठेवली आणि माझ्याजवळची किल्लीही त्यावर ठेवली. त्यांनी कार्डं मोजून पिशवीत ठेवली. माझा कागद क्लार्कनं अध्यक्षांकडे नेला; त्यांचं उत्तर येईपर्यंत तरी पडदा राहणार होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. आईला फोन करावा असं तीनदा वाटलं. तिला फोनवर काहीच ऐकू येत नाही, म्हणून केला नाही.

सकाळी मामांनी पडदा न सांगता जमिनीपर्यंत सोडला. मुलींनी नव्या चिठ्ठ्या काढल्या. आत सर आणि बाई बसल्या आणि दार लागलं. मला आत जायचा अधिकार नव्हता, म्हणून मी बाहेर व्हरांड्यात मुलींच्या बाकावर बसले. प्राचार्य झाल्यापासून मी त्या बाकावर बसले नव्हते. मुली अंग चोरून सरकल्या आणि वह्या मिटून गप्प झाल्या. दाराकडे कान लावून मी ऐकत होते, कोणत्या मुलीला बाई काय विचारतात, आवाज कुठं चढतो, कुठं गोड होतो.

कालची चौदा नंबर बाकाच्या टोकाला होती. तिची पाळी जवळ आली तशी ती उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. चिठ्ठी मुठीत गच्च धरलेली. या वेळी तिनं मान वर केली होती.

"मॅडम, तुम्ही इथं बसू नका."

शेजारच्या मुली तिच्याकडे बघायला लागल्या.

"तुम्ही इथं असलात की माझा आवाज निघत नाही," ती म्हणाली.

मी उठले. जिना उतरून, औषधांच्या कोठाराजवळून, फाटकापाशी गेले. तिथून दुसऱ्या मजल्यावरची ती बंद खिडकी दिसत होती, पण आतलं काहीच ऐकू येत नव्हतं. पहारेकऱ्यानं मला खुर्ची दिली. मी नको म्हटलं आणि उभीच राहिले.