वरच्या कोपऱ्यातली पाहुणी

आक्कांच्या लॉजच्या पाटीवर नाव काही का असेना, बसस्टँडपासून बाजारापर्यंत सगळे त्याला 'आक्कांचं घर' म्हणत. एकटी बाई या गावात उतरली की लोक तिला इथंच आणून सोडत, आणि त्याचा आक्कांना कोण तोरा. जिन्यात दिवा, खोल्यांना आतून जाड कड्या, फाटकावर कॅमेरा, सगळं त्यांनी सुताराच्या आणि वायरमनच्या डोक्यावर उभं राहून बसवून घेतलं होतं.

पर्यटक पोलिसांतल्या बाई दुसऱ्या दिवशी पाहणीला येणार होत्या. घर पसंत पडलं तर दारावर 'सुरक्षित मुक्काम' अशी सरकारी पाटी लागणार. खिळा कुठं ठोकायचा, ते आक्का आधीच बघून आल्या होत्या.

दुपारी चादरी घेऊन त्या इस्त्रीवाल्याकडे गेल्या. दुकानात गर्दी होती आणि गर्दी दिसली की आक्कांना कंठ फुटे.

"माझ्या वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत परदेशातली पोरगी उतरलीय. एकटी. उजाडायच्या आत धबधब्यावर फोटो काढायला जाते, तीही एकटी. भीती म्हणून नाही. का? तर माझ्या घरात आहे. शेजारच्या लॉजात राहून दाखव म्हणावं."

संध्याकाळी तीच पोरगी बॅग घेऊन जिना उतरली. चेहरा पांढराफटक. तिची भाषा घरात फक्त सुनेला येई. सुनेनं विचारून सांगितलं, "आई, कुणीतरी थेट वर जाऊन हिचं दार वाजवलं. पहाटे धबधब्यावर एकटी जाऊ नका, मी नेतो म्हणाला. कडी लावलेली होती म्हणून बरं. पण त्याला खोली कशी कळली, वेळ कशी कळली, विचारतेय. इथं राहणार नाही म्हणते."

आक्कांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॅमेऱ्यात बघितलं, तर दिवसाढवळ्या उघड्या फाटकातून स्टँडवरचा टॅक्सीवाला आत येत होता. चपला अडकवून त्या तडक स्टँडवर.

"कुणाला विचारून वर गेलास रे मेल्या?"

"भाडं विचारायला गेलो, आक्का. मनात वाईट काही नव्हतं."

"तुझ्या मनातलं तुझ्या बायकोला सांग. खोली कुणी दाखवली?"

टॅक्सीवाला मान खाली घालून म्हणाला, "तुम्हीच की. इस्त्रीच्या दुकानात मी तुमच्या मागंच उभा होतो. सगळ्यांनी ऐकलं."

आक्का तशाच मागं फिरल्या. असं याआधी स्टँडवर कुणी पाहिलं नव्हतं.

घरी पोरगी अजून बॅगेवरच बसून होती. आक्का तिच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. "सांग तिला," त्या सुनेला म्हणाल्या, "दाराला कडी होती, माझ्या तोंडाला नव्हती."

"असंच सांगू?"

"असंच. नेहमीसारखी साखर पेरू नकोस."

सुनेनं सांगितलं. पोरीनं काहीतरी विचारलं.

"आता कुणाकुणाला माहीत आहे, विचारतेय."

"सगळ्यांना. म्हणून आज ती खाली माझ्या खोलीत झोपेल, तुझ्या शेजारच्या. मी वर कोपऱ्यात झोपते. येऊ दे कुणाला यायचं ते दार वाजवायला. आणि सकाळी धबधब्यावर तू जा तिच्याबरोबर."

पोरीनं बॅग उचलून आक्कांच्या खोलीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी पोलीसबाई आल्या. आक्कांनी झालेलं सगळं त्यांना सांगून टाकलं. सून मागं उभी होती, तिला आश्चर्य वाटलं. बाईंनी कड्या ओढून बघितल्या, जिना बघितला आणि दिवसा फाटक बंद राहायला लागेल, घंटी लागेल, तोवर पाटी नाही म्हणाल्या. आक्कांनी लगेच वायरमनला बोलावणं धाडलं आणि त्या चादरी आणायला गेल्या.

इस्त्रीवाल्याकडे कालच्यासारखीच गर्दी. "काय आक्का," तो म्हणाला, "वरच्या कोपऱ्यातली बाई आहे का गेली?"

आक्कांची जीभ वळवळली. टॅक्सीवाल्याची कशी हजेरी घेतली, पोरगी कशी राहिली, सगळं ओठांवर आलं होतं.

"वर पाण्याची टाकी आहे," त्या म्हणाल्या. "चादरी दे."