शेपूटकाकांचा नंबर

डोंगरावरच्या त्या हिवाळी शर्यतीत तिचे बाबा कित्येक वर्षं सगळ्यांत शेवटी येत होते. ते त्यांचं कामच होतं. शेवटच्या धावणाऱ्याच्या मागे राहायचं, वाट दाखवायला बर्फात रोवलेल्या लाल झेंड्या एकेक करून उपटायच्या, पाठपिशवीत टाकायच्या आणि ज्याच्या पायांतलं बळ संपलं त्याला पुढच्या चौकीपर्यंत आणायचं. आयोजकांनी या कामाला भारदस्त नाव दिलं होतं. धावणारे त्यांना शेपूटकाका म्हणत.

थकलेल्या माणसाला शर्यत सोडायला लावणं सोपं नसतं. माणूस वर्षभर तयारी करून आलेला असतो. ओठ निळे पडले तरी ‘जमेल’ म्हणतो. बाबा त्याच्याशी वाद घालत नसत. आधी थर्मासमधलं गरम पाणी द्यायचे. मग शेजारी उकिडवे बसून विचारायचे, “घरी कोण आहे?” तो सांगायचा. शेवटी बाबा हातमोजा काढून उघडा तळवा पुढे करायचे. माणूस छातीवरचा नंबर आपल्या हाताने सोडून त्यावर ठेवायचा. दुसऱ्याचा नंबर आपण ओढून काढायचा नाही, हा त्यांचा नियम होता. “वाट कुठे पळून जात नाही,” एवढंच ते म्हणत.

इतकं करून निकालात त्यांचं नाव कधी आलं नाही, कारण शेपटाला नंबर नसतो.

लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. मागच्या पावसाळ्यात एकदा ते स्वतःच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये उभे राहिले आणि कुठलं बटण दाबायचं ते त्यांना सुचेना. शेजारणीने हाताला धरून घरी आणलं. मग तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, पाय ठणठणीत आहेत, डोकं उतरणीला लागलंय, हा हिवाळा निभेल, त्यापुढचा धरून चालू नका. मुलगी दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात काम करायची. दुसऱ्या दिवशी समोरच्या साच्यात प्लास्टर ओतता ओतता तिने ठरवलं की यंदा बाबांना नंबर मिळेल. छातीवर नंबर लावून ते एकदा तरी शर्यत पुरी करतील, आणि ते काय असतं हे त्यांना कळतंय तोवरच करतील.

“आता नंबर कसला लावताय?” आई म्हणाली. “बँकेत टोकन मिळतं तेवढं पुरे.”

“तू गप बस. तुला घरात बसून थंडी वाजते.”

“वाजते म्हणून तर घरात बसते. तुम्हाला वाजत नाही, हाच मुळात रोग आहे.”

बाबा हसले. ते आंघोळीला गेल्यावर आईने मुलीचा दंड धरला. “पहिला येवो नाहीतर शेवटचा, मला माणूस परत हवाय. कळलं?”

शर्यतीच्या सकाळी बाबांनी मुलीला ओळखीच्या सूचना दिल्या. सुरुवातीला कुडकुडायचं, अंगावर जास्त चढवायचं नाही, घामाने भिजलं की वर वाऱ्यात गोठायला होतं. नळीतून पाणी प्यायलं की उलटी फुंकर मारायची, नाहीतर नळीत बर्फ होतो. एकही गोष्ट चुकली नाही. तिला वाटलं, डॉक्टरांचं काहीतरी चुकलंय.

“ठमे, पळू नकोस. चाल,” ते चढावर म्हणाले. ठमी हे तिचं लहानपणचं नाव. लग्न होऊन मोडलं तरी ते टिकलं होतं.

“बाबा, शर्यत आहे ही.”

“ज्यांना घाई असते ते मला दुपारी भेटतात.”

त्यांची चाल चांगली होती. माथ्याखालच्या खोपटात मोठी चौकी होती. तिथे दुपारच्या ठरल्या वेळेआधी पोचायचं, नाहीतर शर्यत तिथेच संपायची. पोचलं की पुढे सगळी उतरण. गोठलेल्या ओढ्याशी वाट फुटत होती: डावीकडची झेंड्यांनी दाखवलेली, उजवीकडची सरळ, दिसायला सोपी आणि पुढे कड्याशी संपणारी. त्या फाट्यानंतर आधी गेलेल्यांची पावलं वाऱ्याने बुजली होती आणि बर्फ गुडघ्याला लागला, तशी ती पुढे झाली. ती वाट पाडत होती, बाबा तिच्या पावलांत पाऊल टाकत मागून येत होते. त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता आणि तेवढं तिला पुरेसं होतं.

खोपटाचा धूर दिसला तेव्हा ती थांबली. वेळ हातात होता. बाबांना खजूर द्यावा म्हणून मागे वळली, तर त्यांच्या पाठपिशवीतून लाल कापडाची टोकं बाहेर आली होती.

“बाबा, हे काय?”

“काय?”

“झेंड्या.”

“मग? झेंड्या डोंगरावर सोडून यायच्या?” ते तिच्याकडे जरा नापसंतीने बघत होते. काम नीट केलेल्या माणसाची नजर होती ती.

तिने खाली पाहिलं. ओढ्यापासून इथवर उतार पांढरा शुभ्र होता, एकही लाल ठिपका नाही. दरीतून धुकं वर सरकत होतं आणि वारा त्यांची पावलं बुजवत होता. त्यांच्या मागे अजून माणसं होती. फोन लावून पाहिला, लागला नाही. खोपटात जाऊन सांगितलं असतं, तर तिथून कुणीतरी खाली येईपर्यंत मागची माणसं फाट्याशी पोचली असती. आणि खोपट तर समोर होतं. तसंच पुढे गेलं तर बाबांची शर्यत चालू राहणार होती, खाली वळलं तर ठरलेली वेळ टळणार होती.

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. तेवढा वेळ ती उभी राहिली, हे पुढे तिने आईलासुद्धा सांगितलं नाही.

“चला,” ती म्हणाली. “खाली जायचंय.”

“उलटं? का?”

“थोडं काम राहिलंय.”

काम राहिलंय म्हटल्यावर बाबा लगेच वळले. उतरताना ती एकेक झेंडी त्यांच्या पिशवीतून घेऊन रोवत गेली. जुनी भोकं बुजली होती. अंदाजाने रोवावी लागली. ते दोनदा म्हणाले, “अगं, या आत्ताच काढल्या ना?” तिने पुढच्या झेंडीसाठी हात मागे केला.

फाट्याशी एक जाडजूड औषध-दुकानदार उभा होता. मिशी बर्फाने पांढरी झाली होती. तो उजव्या वाटेवर थोडा जाऊन परत आला होता.

“बरं झालं आलात. मला वाटलं, वजन बघून आयोजकांनी मला कड्याकडेच पाठवलं.”

“झेंड्या वाऱ्याने पडल्या होत्या,” ती म्हणाली.

“वारा आहेच तसा.” त्याने शेपूटकाकांना ओळखलं, त्यांच्या छातीवरचा नंबर बघितला आणि खुशीत म्हणाला, “काका, बढती झाली वाटतं.”

बाबा नुसतं हसले. औषधवाला डावीकडे चढू लागला. त्याच्यामागून दोघी बहिणी आल्या आणि एकमेकींना शिव्या देत वर गेल्या. सगळ्यांत शेवटी नवा शेपूट आला. तो बाबांच्याच हाताखाली शिकलेला सुतार. त्याने वाकून बाबांना नमस्कार केला, मग तिचा चेहरा पाहिला आणि तिच्या हातात उरलेल्या दोन झेंड्या पाहिल्या. त्याला काही सांगावं लागलं नाही.

“तुम्ही दोघं चला पुढे,” तो म्हणाला. “वेळ टळली तरी चौकीवर मी बोलतो. काकांना कोण अडवणार आहे?”

दुसऱ्यांदा तोच चढ चढताना तिचे पाय भरून आले. निम्म्यावर गुडघ्यात कळ गेली आणि ती बर्फात बसली. मघाशी धरून ठेवलेलं सगळं एकदम सुटलं. तोंडावर हातमोजे दाबून ती रडली. सुतार चार पावलं खाली थांबला.

बाबा तिच्यापाशी आले. त्यांनी थर्मास काढला, झाकणात पाणी ओतलं आणि तिच्या हातात दिलं. मग शेजारी उकिडवे बसले.

“घरी कोण आहे?” त्यांनी विचारलं.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा प्रेमळ होता. दर हिवाळ्यात कितीतरी अनोळखी माणसांनी पाहिलेला.

“आई आहे,” ती म्हणाली. “आणि बाबा.”

“वाट बघत असतील.”

“हो.”

“खूप छान आलात तुम्ही, ताई. इथवर सगळ्यांना नाही जमत.” त्यांनी हातमोजा काढला. म्हाताऱ्या, तेलाचे डाग कायमचे मुरलेल्या बोटांचा तळवा तिच्यापुढे उघडला. “वाट कुठे पळून जात नाही.”

सुताराने मान दुसरीकडे वळवली. चौकीवर खरंच कुणी अडवलं नसतं. तिने उठायचं ठरवलं असतं तर बाबा तिच्या मागोमाग पार शेवटपर्यंत आले असते, नंबर लावून; पण शेवटच्या माणसाला सांभाळत. त्यांच्या लेखी ते कधी शर्यतीत नव्हतेच.

तिने आपल्या छातीवरच्या टाचण्या सोडल्या. थंडीने बोटं वळत नव्हती. बाबांनी मदत केली नाही, थांबून राहिले. नंबर हातावर पडल्यावर त्यांनी तो नीट घडी करून आतल्या खिशात ठेवला आणि तिला हाताला धरून उठवलं.

खोपटात चौकीवरच्या बाईंनी दोघांना चुलीपाशी बसवलं. “काका, गाडीने खाली जायचं तर तुमचाही द्यावा लागेल,” त्या हळूच म्हणाल्या.

बाबांनी खाली पाहिलं. छातीवरचा नंबर बोटाने चाचपला. “हा कुणाचा?”

“तुमचाच, बाबा,” मुलगी म्हणाली.

“माझा कसा असेल?” त्यांनी तो सोडून तिच्या हातात दिला. “ठेवा तुमच्यापाशी, ताई. कुणीतरी शोधत येईल.”

शर्यतीच्या उतरणीशेजारून खाली नेणाऱ्या गाडीत ते खिडकीशी बसले. काच पुसून बाहेर बघत राहिले. वळणावळणावर लाल झेंड्या मागे जात होत्या, तशी त्यांची चुळबुळ वाढली.

“झेंड्या राहिल्या,” ते म्हणाले.

“राहू देत. अजून माणसं यायची आहेत.”

“अजून आहेत?”

“आहेत.”

“मग बरोबर,” बाबा म्हणाले आणि टेकून बसले.