सूनबाईंचा हातगुण

ताईच्या झेरॉक्सच्या दुकानात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. गिऱ्हाइकं आपापले कागद विसरून टेबलावरच्या मेलेल्या माऊसकडे बघत होती.

दुकानात नवा कॉम्प्युटर आला होता. मोठा प्रिंटर जुन्या सिस्टिमशिवाय चालत नाही, म्हणून ताईची सून नव्या कॉम्प्युटरवर जुनीच सिस्टिम टाकायला बसली. सुरुवातीला कीबोर्ड चालायचा. भाषा निवडायचा पडदा आला की कीबोर्ड ठार आणि माऊसचा लाल दिवाही गुल.

एवढ्यावर ताईनं यंत्रबाबांना आणलं. हा गृहस्थ पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचा. दुरुस्ती जमली नाही, बाबागिरी मात्र झकास जमली.

"माई, जुना आत्मा नव्या देहात घालायचा, म्हणजे हा परकायाप्रवेश," बाबा डोळे मिटून म्हणाले. "त्याला हातगुण लागतो. सूनबाईंच्या हाताला तो नाही."

त्यांनी अंगावरची शाल कॉम्प्युटरवर टाकली, खाली दोन्ही हात घातले आणि काहीबाही पुटपुटले. शाल काढली तर माऊसचा दिवा लागलेला. लोकांनी हात जोडले. एका वकिलानं तर चपला काढल्या. शिकून अक्कल येतेच असं नाही.

बाबांनी पुन्हा शाल घातली, पुटपुटले, शाल काढली. "आता सूनबाई, तुम्ही हात लावा."

तिनं हात लावला. दिवा त्याआधीच विझलेला होता, पण लोकांनी बघितला तिचा हात.

"उद्यापासून तू दुकानात यायचं नाहीस," ताई म्हणाली. "घरचं बघ." पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. हे दुकान तिनंच नावारूपाला आणलं होतं. माझं टाळकंच सरकलं. बाजूच्या स्टुलावरून मला शालीखाली माऊसची वायर सरकताना दिसली होती.

"बाबा, शालीशिवाय करा की," मी म्हणालो.

"यंत्राची लाज झाकावी लागते, मास्तर."

"लाज कुणाची झाकताय ते दिसतंय." मी सुनेला म्हणालो, "मागची बाजू फिरव गं."

तिनं कॉम्प्युटर वळवला, क्षणभर बघितलं आणि कपाळावर हात मारला. "मामा, या यूएसबीच्या निळ्या खाचा नव्या जातीच्या. जुन्या सिस्टिमला त्या ओळखताच येत नाहीत. काळ्या येतात. हे बाबा शालीखाली वायरी इकडच्या तिकडे करत होते."

"मग सुरुवातीला कीबोर्ड कसा चालायचा?" वकिलानं विचारलं.

"तेव्हा कॉम्प्युटर स्वतःच सगळं सांभाळतो. पुढे कारभार सिस्टिमकडे गेला की बोंब."

बाबांना एकाएकी दुसरीकडचं बोलावणं आठवलं. शाल विसरून गेले.

सुनेनं वायर काळ्या खाचेत लावली. दिवा लागला. मी ताईचा हात धरून माऊसवर ठेवला आणि सुनेला म्हटलं, "आता निळ्यात घाल."

दिवा विझला.

"ताई, तुझ्या हाताखाली विझला. उद्यापासून तूही घरी बसणार का?"

सुनेनं वायर परत काळ्यात लावली. ताईनं खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि म्हणाली, "बस. लोक खोळंबलेत."

वकीलसाहेब चपला शोधत होते. त्यांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. यंत्र अडलं तर माणसाला दोष देण्याआधी कारण शोधा. आणि वाकायचंच असेल, तर बाबाच्या पायाशी नको, टेबलामागे वाकून बघा.