मास्तरांची धाप

मास्तरांनी कोटाची डावी बाही उजव्या खांद्याला जोडली. गिऱ्हाइकानं कोट उलटासुलटा करून पाहिला आणि तसाच टेबलावर ठेवला. उभा जन्म शिवणयंत्रावर घालवलेल्या माणसाला बोलणार तरी काय? मास्तर मात्र सुनेकडे वळून म्हणाले, "तुझ्या सासूला चहा टाकायला सांग."

सासूबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

संध्याकाळी मुलानं विषय काढला. बाबांचं डोकं आता साथ देत नाही, दुकान आवरतं घेऊ, असं तो मान खाली घालून म्हणाला. सुनेला ते पटेना. परवापर्यंत गिऱ्हाइकाच्या पोटाकडे नुसतं बघून माप सांगणारा माणूस एकाएकी इतका कसा थकेल? ती सासऱ्यांजवळ जाऊन बसली. ताप नव्हता, खोकलाही नावापुरताच. पण बसल्या जागी त्यांना धाप लागत होती. बोलणं मध्येच तुटत होतं. ओठ निळसर पडले होते.

"अहो, हे वयामुळे नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "गाडी बोलवा."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहिला, छातीचा एक्स-रे काढायला लावला. उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी पांढरा डाग होता. न्यूमोनिया. म्हातारपणी ताप येतोच असं नाही, कधीकधी आधी माणूस भ्रमल्यासारखं करतो, असं त्यांनी समजावलं.

मुलानं चाचरत विचारलं, "म्हणजे डोकं शाबूत आहे त्यांचं?"

"आधी श्वास सावरू दे. मग तेच सांगतील."

ऑक्सिजन लागला, शिरेतून औषध सुरू झालं. दुसऱ्या दिवशीही मास्तर बरळतच होते, चादरीच्या काठाला हवेतच टाके घालत होते. पण त्याच्या पुढच्या सकाळी ते उशीला टेकून बसले, नर्सच्या गणवेशाकडे निरखून पाहत राहिले आणि म्हणाले, "कुणी शिवलाय? खांद्यात ओढतोय."

नर्स हसली. सुनेनं तोंड फिरवून डोळे पुसले.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की बरं वाटलं तरी गोळ्या अर्ध्यावर सोडायच्या नाहीत. जिना उतरताना मास्तर मध्येच थांबले. मुलानं हात पुढे केला.

"दम खाऊ दे," ते म्हणाले. "घाई कसली?"

मुलगा एक पायरी खाली उभा राहिला. मागून येणारी माणसं वाट काढून पुढे गेली. मग मास्तरांनी कठडा सोडला आणि पुढची पायरी उतरले.